चिखलकाल्याची रात्र

आषाढ शुद्ध द्वादशी

पंख्याखाली वर्तमानपत्र पसरून कॅमेरा सुकत ठेवलाय. बॅटरी आणि कार्ड काढून घेतलं. पट्ट्याला गोव्यातल्या माशेल गावचा चिखल अजून आहे. तो वाळला की नखाने सुटेल, ओला पुसला तर शिवणीत जाऊन बसेल.

सकाळी फोंड्याहून बसने निघाले तेव्हा म्हार्दोळपर्यंत कोरडं होतं. बाणस्तारीला जो पाऊस लागला तो मग थांबलाच नाही. महागड्या कॅमेऱ्यांना बटणांच्या आणि झाकणांच्या फटींत रबरी बंद असतात, माझ्या निकॉन डी३२००ला ते नाहीत. म्हणून जाड प्लास्टिकची पिशवी उलटी घालायची, लेन्सपुरतं भोक पाडायचं आणि वरून रबरबँड. मागच्या बाजूला डोळा लावायलाही भोक लागतं, आणि पाणी नेमकं तिथूनच शिरतं. तरी मी ते ठेवते. पडद्यावर बघून फोटो काढायचा तर हा कॅमेरा घेऊन जायचं कशाला?

चोवीस तासांचं भजन संपलं आणि तेल चोपडलेली माणसं ‘जय विठ्ठल हरी विठ्ठल’ म्हणत देवकीकृष्णाच्या देवळातून मैदानात उतरली. हा देव मूळचा चोडण बेटावरचा, पोर्तुगीज काळात मये गावामार्गे माशेलला आलेला. कृष्णाची देवळं पुष्कळ आहेत, पण बाळकृष्ण देवकीसोबत पूजला जातो अशी जागा विरळा. मी लहान असताना बाबांच्या खांद्यावर बसून हा चिखलकाला, देवळासमोरच्या चिखलात खेळायचा हा उत्सव, बघितलाय. तेव्हा सगळ्यात उंच मी होते. आता दोरीच्या कडेला उकिडवी बसते, कारण चिखलात लोळणाऱ्या माणसांचा चेहरा हवा तर आपणही तितकंच खाली जावं लागतं.

भर दुपारी उजेड मात्र संध्याकाळसारखा. लांबचं जवळ आणणारी माझी ५५-२०० लेन्स पूर्ण लांब केली की अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत येतो ते भोक, ५.६च्या पलीकडे उघडत नाही. उडणारा चिखल गोठवायचा तर शटर निदान १/५०० सेकंद हवं, म्हणजे आयएसओ, सेन्सरची संवेदनशीलता, १६००. २०१२ च्या सेन्सरवर एवढ्याला सावलीत दाणे दिसू लागतात. दिसू देत. चिखलाच्या फोटोत मला ते खटकत नाहीत. खटकते ती कॅमेऱ्याची उजेडाची मोजणी. चौकटभर काळपट अंगं दिसली की कॅमेरा ‘अंधार आहे’ असं समजून फोटो उजळवतो आणि ओल्या पाठींवरची चकाकी पांढरीफटक होते. मग बटण दाबून चाक फिरवायचं, उणे ०.७, म्हणजे फोटो थोडा गडद. चाक एकच आहे. अंगठ्याला आता ते न बघता सापडतं. हे हाताला यायला मला दोन पावसाळे लागले आणि त्याचा मला अभिमान आहे.

“बाये, कॅमेरो सांबाळ!” मागून एक काका ओरडले. मी वळले तोवर चिखलाचा गोळा पिशवीवर बसला होता. काकांनीच पुढे येऊन आपल्या धोतराच्या कोऱ्या टोकाने तो पुसला.

त्यानंतर तो फोटो मिळाला. पाच-सहा वर्षांचा मुलगा डोळ्यात चिखल गेला म्हणून रडत होता. बाप समोर गुडघे टेकून बसलेला, डोक्यापासून पायापर्यंत माखलेला. मुलाचा डोळा पुसायला तो स्वतःच्या अंगावर कोरडी जागा शोधत होता. तळहात बघितले, दंड बघितला, शेवटी हात उचलून काखेजवळचा एक पांढरा पट्टा त्याला सापडला. मी बटण दाबलं. एसएलआरमध्ये, म्हणजे अशा आरशाच्या कॅमेऱ्यात, नेमक्या त्या क्षणी आरसा वर जातो आणि आपल्याला काहीच दिसत नाही, खट् असा आवाज तेवढा ऐकू येतो. पट्टा सापडलेला तो क्षण मी डोळ्याने पाहिलाच नाही. आत्ता, संगणकावर पाहिला.

डाव्या कडेला कुणाचं तरी अर्धं कोपर आलंय. या कॅमेऱ्याचा व्ह्यूफाइंडर, डोळा लावायची खिडकी, खऱ्या चौकटीच्या ९५ टक्केच दाखवतो, उरलेल्यात काय शिरलं ते घरी आल्यावरच कळतं. कापून टाकता येईल. पण मी कापणार नाही. त्या कोपराने त्या दोघांना आडोसा दिल्यासारखा दिसतोय.

पट्ट्याने डोळा काही साफ होईना. मग मी माझं लेन्स पुसायचं कापड दिलं. माझ्याजवळ कोरडं असं तेवढंच होतं. मुलगा त्यात तोंड खुपसून थोडा वेळ तसाच उभा राहिला. नंतरच्या सगळ्या फोटोंत उजव्या वरच्या कोपऱ्यात थेंबाचा डाग आहे. खेळाच्या शेवटच्या दहीहंडीच्या सगळ्या फोटोंत तो आहे.

संध्याकाळी मावसभाऊ आला होता. त्याचा मोबाइल पाण्यात बुडवला तरी चालतो. “ताई, आता हे कुणी वापरत नाही गं,” तो अगदी मायेने म्हणाला. त्याचं चूक नाही. डी३५०० आला २०१८ साली, त्यानंतर या मालिकेत नवा कॅमेरा निघालाच नाही. २०१३ च्या दिवाळी बोनसमधून हा घेतला तेव्हा मला वाटलं होतं, दोन-तीन वर्षांत याहून मोठा घेऊ. मग १८-५५ लेन्समध्ये पावसाळ्यात बुरशीचे कोळिष्टकासारखे धागे धरले, ती साफ करून आणली, आणि मोठ्या कॅमेऱ्याऐवजी हवाबंद डबा घेतला. त्यानंतर मोठ्याचा विचार मनात आला नाही.

डब्यातली सिलिका जेल निळीची गुलाबी झाली आहे, म्हणजे ओल पिऊन भरली. वेगळ्या ठेवलेल्या जुन्या तव्यावर मंद आचेवर टाकली आहे, निळी व्हायला वेळ लागेल. कापड बादलीत भिजतंय. दोनदा पाणी बदललं, तिसऱ्यांदाही तांबूस आलं.