क्रूड उतरलं, मग पिशवी का उतरत नाही?

क्रूड, म्हणजे कच्चं तेल, उतरलं तरी पिशवीचा भाव का उतरत नाही, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, कारण हा प्रश्न मला एकट्या तुमच्याकडूनच येत नाही. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल आणि चादरी भरायच्या प्लास्टिक पिशव्या बनवणाऱ्या माझ्यासारख्या कुणालाही विचारा. कच्चं तेल घसरल्याची बातमी पेपरात आली की दुपारच्या आत फोन येतोच. "काय ओ, क्रूड पडलंय म्हणं. पिशवी कधी पाडताय?"

फोन करणाऱ्याचं चुकत नाही. टॉवेलची ऑर्डर त्याने महिन्यांपूर्वीच्या भावाने घेतलेली असते. सूत वाढलेलं असतं, मजुरी वाढलेली असते, आणि दोन पैसे सुटण्यासारखी जागा त्याला पिशवीतच दिसते. पण पिशवी थेट क्रूडपासून होत नाही.

पिशवी होते दाण्यापासून. पंचवीस किलोच्या गोणीत साबुदाण्यासारखा पांढरा पॉलिथिलीनचा दाणा येतो. त्याच्या तीन जाती: आत ठेवलेल्या चादरीचा रंग नीट दिसावा म्हणून एलडी, पिशवी फाटू नये म्हणून एलएल, आणि किराणा दुकानातली करकरणारी पिशवी ती एचएम. तिन्ही इथिलीन वायूपासून होतात. आणि इथिलीन ज्या कारखान्यात निघतं त्याला क्रॅकर म्हणतात. खरी गंमत या क्रॅकरमध्ये आहे, कारण जगातले सगळे क्रॅकर एकच कच्चा माल वापरत नाहीत.

जपान, कोरियातले क्रॅकर मुख्यतः नाफ्था वापरतात. नाफ्था म्हणजे पेट्रोलसारखा हलका द्रव, तो क्रूडमधून निघतो. सौदीतलं जुबैल, अबू धाबीतलं रुवैस, कतारमधलं मेसईद आणि अमेरिकेतला टेक्सास-लुईझियानाचा किनारा इथे मात्र मुख्यतः नैसर्गिक वायूतलं इथेन वापरतात. चीनमध्ये तर कोळशापासूनही पॉलिथिलीन बनतं. एक टन इथेनमधून पाऊण टनापेक्षा जास्त इथिलीन मिळतं, नाफ्थ्यातून साधारण तिसरा हिस्सा. बाकी प्रॉपिलीन, बेन्झीन असा दुसरा माल. त्यामुळे सौदीची सॅबिक किंवा अमेरिकेच्या डाऊ, एक्सॉनमोबिल या कंपन्यांचे वायूवर चालणारे प्लांट दाणा स्वस्तात काढतात आणि कोरियातला नाफ्थावाला महागात. बाजारात मात्र दोघांचा दाणा जवळपास एकाच भावाने विकला जातो.

तो भाव ठरतो कसा? माल मुबलक असला की सगळ्यात महाग बनवणाऱ्याच्या खर्चाच्या आसपास तो रेंगाळतो. म्हणजे नाफ्थावाल्याच्या. अशा दिवसांत क्रूड उतरलं तर दाणाही उतरतो आणि तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं ठरतं. पण माल तुटला की क्रूडला कुणी विचारत नाही. मग भाव एवढ्यावर येतो: कुठला प्लांट बंद आहे आणि कुठलं जहाज अडकलंय.

२० एप्रिल २०२० आठवा. अमेरिकेत क्रूडचा वायदा शून्याच्याही खाली गेला होता. तेल घ्यायला गिऱ्हाईक नव्हतं. त्या हिशेबाने पुढे वर्षभर पिशवी फुकट वाटायला हवी होती. झालं काय? फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये कडाक्याची थंडी पडली, वीज गेली, पाइप गोठले आणि तिथले बहुतेक क्रॅकर एकदम बंद पडले. अमेरिका तिच्या पॉलिथिलीनचा मोठा वाटा बाहेर विकते, त्यामुळे दक्षिण अमेरिका, युरोप सगळे इतरांच्या दारात उभे राहिले. त्यात कंटेनरची टंचाई. क्रूड तेव्हा पिंपाला साठ डॉलरच्या आसपास, म्हणजे फार चढलेलंही नव्हतं, आणि दाणा मात्र कित्येक वर्षांत पाहिला नव्हता अशा भावाला. सोलापुरात बर्फ कुणी बघितलाय? पण टेक्सासच्या बर्फाचे पैसे आपण भरले.

आता तुमचा पुढचा प्रश्नही मला पाठ आहे. "आपल्याकडं बनतोच की दाणा, मग बाहेरचं कशाला बघायचं?" बनतो ना. पानिपतला इंडियन ऑइल, उत्तर प्रदेशातल्या पाटाला सरकारी कंपनी गेल, हल्दिया, दहेज, भटिंडा आणि रिलायन्सचे बरेच प्लांट. आपल्या रायगड जिल्ह्यात नागोठण्यालाच आहे. तो आयपीसीएल या सरकारी कंपनीने अरबी समुद्रातल्या वायूवर उभारला. २००२ मध्ये सरकारने आयपीसीएलमधला मोठा हिस्सा विकला आणि ती रिलायन्सकडे गेली. आज अमेरिकेतलं इथेन खास जहाजांतून दहेजला येतं आणि तिथून पाइपलाइनने नागोठण्यापर्यंत जातं. महाराष्ट्रात बनलेला दाणा म्हणून आपण छाती फुगवावी, तर वायू टेक्सासचा! मला तरी यात गंमत वाटते.

एवढं बनूनही देशाला पुरत नाही, एलडी तर आयात करावाच लागतो. आणि जिथे आयात लागते तिथे देशी कंपनी आपला भाव आयातीकडे बघूनच लावते. परदेशी भाव, जहाजाचं भाडं, सीमाशुल्क, डॉलरचा दर, सगळं धरून बाहेरचा माल जितक्याला पडेल त्याच्या जवळपास. डॉलर वधारला की क्रूड पडूनही माझ्या हाती काही लागत नाही. कंपनीचं भावपत्रक साधारण महिन्याच्या सुरुवातीला येतं, वाटलं तर मध्येच बदलतं. माझ्यासारख्याने घासाघीस कुणाशी करायची?

एकदा नकाशाही बघा. जुबैल, रुवैस, मेसईद तिन्ही होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या, म्हणजे इराणच्या आखाताच्या तोंडाच्या, आत. ओमानचं सोहार मात्र बाहेर. त्या चिंचोळ्या वाटेवर तणाव वाढला की विम्याचे दर आधी चढतात. आणि आधीच घाबरलेला व्यापारी गोदामातला माल धरून ठेवतो. खरी टंचाई नंतर, भाव आधी.

रिप्रोसेस दाणा, म्हणजे जुनं प्लास्टिक वितळवून केलेला, मिसळा असं सुचवणारेही आहेत. काळ्या पिशवीत चालतो. पांढऱ्या टॉवेलवर करड्या झाकेची, वास येणारी पिशवी चढवून बघा, तुमचाच खरेदीदार पार्सल परत पाठवेल.

अलीकडे चीनने इतके नवे प्लांट उभारलेत की कोरियाला आपले क्रॅकर कमी करायची भाषा करावी लागली. माल असा मुबलक असला की क्रूडची बातमी तुमच्या कामाची असते. त्यासाठी मी कोटेशन बदललंय. दाण्याचा भाव कंपनीच्या भावपत्रकाप्रमाणे वेगळा, आणि माझी घडणावळ, म्हणजे वीज, मजुरी, छपाई, वाया जाणारा माल, वेगळी. पत्रक उतरलं की तुमचा दर त्याच दिवशी उतरेल, न मागता. चढलं तर त्याच दिवशी चढेल, तेव्हा मात्र फोन करू नका. सहा महिन्यांचा बांधील दर हवा असेल तर तोही देतो, पण मग दाणा आज उचलावा लागेल आणि पैसे आगाऊ लागतील.