पणजोबांच्या घड्याळाला मुलामा

शनिवार, रात्री पावणेअकरा

आज ठाण्याच्या वागळे इस्टेटला, सोन्याचा मुलामा देणाऱ्याच्या गाळ्यावर जाऊन आलो. खिशात रुमालात गुंडाळलेलं पणजोबांचं साखळीचं घड्याळ होतं. आत्याच्या नातवाचं लग्न आहे आणि नवरदेवाच्या जाकिटाला ते लावायचं असा तिचा हट्ट. "पण असं कळकट कसं लावायचं रे? मुलामा देऊन आण."

कळकट तर आहेच. काठावरचं सोनं उडून पितळ उघडं पडलंय. पाठीवर मधोमध, जरा उजवीकडे, अंगठ्याएवढा पिवळट-तपकिरी डाग आहे. अंगठा ठेवून पाहिला, नेमका बसला. पितळेची भांडी घासल्यावर हाताला येतो तसा वास अजून बोटांना आहे.

गाळ्यातल्या माणसाने भिंग लावून दोन मिनिटं पाहिलं. म्हणाला, "आधी बफ मारावा लागेल, म्हणजे चाकावर घासून गुळगुळीत करावं लागेल. नाहीतर ओरखडे मुलाम्याखालूनही दिसतात." पाठीवर वेलबुट्टी आहे आणि ढालीच्या आकारात पणजोबांची आद्याक्षरं. ती आधीच इतकी उथळ झालीत की तिरप्या उजेडातच वाचता येतात. "अक्षरं राहतील का?" "सांगत नाही." या उत्तरासाठी तो माणूस मला आवडला.

मग त्याने खरी मेख सांगितली. पितळेवर थेट सोनं चढवलं तर काही काळाने खालचं तांबं वर झिरपतं आणि रंग काळवंडतो, म्हणून मध्ये निकेलचा थर द्यायचा. झाकणाच्या बिजागरीत मुलाम्याचं सायनाइडचं द्रावण अडकतं. नीट धुतलं गेलं नाही तर महिन्यांनी तिथून डाग फुटतात. आणि एवढं करून चढणारं सोनं किती, तर शोभेच्या कामाला बहुधा मायक्रॉनभरही, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भागही, नाही. डोक्यावरचा केस सत्तर-एक मायक्रॉन जाड असतो!

मूळ सोनं तसं नव्हतं. पितळेच्या पत्र्याला दोन्ही बाजूंनी सोन्याचा पातळ पत्रा जोडायचा, मग लाटायचा. जेम्स बॉस या अमेरिकन माणसाने १८५९ मध्ये घड्याळाच्या या प्रकारच्या कवचाचं पेटंट घेतलं. आमच्या झाकणाच्या आत वीस वर्षांच्या हमीचा शिक्का आहे. सोनं इतकी वर्षं झिजणार नाही, असा त्याचा अर्थ. अमेरिकेत १९२४ च्या सुमारास ही वर्षांची हमी बंद झाली, म्हणजे घड्याळ त्याआधीचं. वीस वर्षं कधीच उलटली, तक्रार करायला कुणाकडे जाणार?

शिक्क्याच्या बाजूला सुईने कोरलेले बारीक आकडे आहेत. घड्याळजी दुरुस्तीला आलेल्या घड्याळावर अशी खूण करून ठेवत. चार वेगवेगळी हस्ताक्षरं आहेत, एक देवनागरीत. बफच्या चाकाखाली तेही गेलं असतं.

परत येताना रिक्षात मात्र एक गोष्ट टोचत राहिली. पणजोबांनी काय केलं असतं? दरवर्षी कल्हईवाल्याला दारात बसवून पातेली लखलखीत करून घेणारा माणूस तो. "झिजलेलं जपून ठेवा" हे त्यांच्या डोक्यात आलंच नसतं. त्यांनी सोनं चढवलं असतं आणि मोकळे झाले असते. जपण्याची हौस माझी आहे, त्यांच्या नावावर खपवायला नको.

तरी नाहीच करणार. उद्या मऊ फडक्याने पुसायचं, बस्स. वरची कडी मात्र बदलायची. साखळी घासून घासून ती एका जागी दोऱ्याएवढी उरलीय, तिथे भावनेला थारा नाही. लग्नाच्या गर्दीत सुटून पडलं तर आत्या मला सोडणार नाही. जुनी कडी डबीत ठेवीन.

नऊ वाजता आत्याला फोन केला. सायनाइडच्या द्रावणापासून बिजागरीपर्यंत सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं, नको तर नको. पण चालतंय का ते?"

चावी दिली. काटे चार वाजून दहा मिनिटांवर तसेच. कानाला लावलं, हलवून पाहिलं. काही नाही.

सोमवारी जांभळी नाक्याकडे घड्याळजी शोधायचा.