कानाने वाचायचे, बोलून लिहायचे

फोनला बोलून मेसेज पाठवण्याची सोय बहुतेकांच्या लेखी हात गुंतलेले असताना कधीमधी वापरायची गोष्ट आहे. माझ्यासाठी ती लिहिण्याची रोजची रीत आहे. काचबिंदूमुळे माझी दृष्टी गेली, आणि तेव्हापासून बँकेतल्या सहकाऱ्यांशी, बहिणीशी, सोसायटीच्या गटाशी जो काही लेखी व्यवहार होतो तो सगळा स्क्रीनकडे न बघता, कानाने ऐकून आणि तोंडाने बोलून होतो. या विषयाची चर्चा निघाली की फोनला आपले बोलणे किती अचूक कळते, इथेच ती बहुधा अडकून राहते. अनुभवाने माझे मत निराळे झाले आहे. बोलणे ओळखण्याचे तंत्र आता पुष्कळ सुधारले आहे. खरी कसोटी त्याच्या पुढच्या टप्प्यावर लागते. फोनने जे लिहिले ते पाठवण्यापूर्वी मला नीट ऐकता येते का, आणि त्यात काही चुकले असेल तर ते डोळ्यांवाचून दुरुस्त करता येते का, यावर एखादे ॲप वापरण्याजोगे आहे की नाही ते ठरते.

माझ्या अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचे बोलून सांगणारा प्रोग्रॅम, आहे. मेसेज आला की तो पाठवणाऱ्याचे नाव आणि मजकूर वाचून दाखवतो. बोट उजवीकडे सरकवले की पुढच्या घटकावर जायचे, डबल टॅप केले की तो उघडायचा, या दोन हालचालींवर बरेचसे काम निभते. मजकुराच्या चौकटीत येऊन कीबोर्डवरचा माइक सुरू केला की एक लहानसा आवाज होतो. तो ऐकू आल्यावरच बोलायला लागायचे, नाहीतर पहिला शब्द गळतो. वाक्य शक्यतो एका दमात बोलायचे, कारण मध्येच विचार करायला थांबले तर बोलणे संपले असे समजून माइक बंद होतो.

मराठी लिहिणाऱ्याला ही शेवटची बाब फार जपावी लागते, कारण आपला नकार वाक्याच्या अगदी टोकाला येतो. ‘मी उद्या सकाळी तुमच्याकडे येणार नाही’ हे वाक्य बोलताना ‘येणार’पाशी दम घ्यायला थांबले आणि तेवढ्यात माइक बंद झाला, तर चौकटीत उरते ते ‘मी उद्या सकाळी तुमच्याकडे येणार’. हे व्याकरणदृष्ट्या पूर्ण वाक्य आहे, त्यात कुठे खटकण्यासारखे काही नाही, आणि त्याचा अर्थ नेमका उलटा आहे. डोळस माणसाची नजर सहज स्क्रीनवर जाते आणि ही गळती त्याला दिसते. मला ती दिसायची असेल तर फोनने संपूर्ण मजकूर मला परत वाचून दाखवायलाच हवा, आणि तोही मी न शोधता.

प्रश्नार्थक वाक्यांचेही असेच आहे. बोलताना ‘तू येणार?’ हा प्रश्न केवळ सुरात असतो. तो सूर अक्षरांत उतरत नाही आणि समोरच्याला ते विधान वाटते. म्हणून मी मेसेज सांगताना ‘तू येणार आहेस का’ असे न चुकता म्हणते. कर्ता गाळत नाही, नकार आणि क्रियापद यांच्यात थांबत नाही, आकडा आणि वेळ वेगवेगळे उच्चारते. घरात बोलताना मी असे बोलत नाही. फोनसाठी घडवलेली ही थोडी जास्त ठाशीव मराठी आता जिभेवर बसली आहे, आणि तिच्यामुळे माझे मेसेज अधिक स्पष्ट झाले आहेत असे मला मनापासून वाटते.

परत वाचून दाखवण्यालाही मर्यादा आहेत. ‘पाणी’च्या जागी ‘पानी’ आले तर कानाला कळते. पण ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक फोनच्या आवाजात जवळपास ऐकूच येत नाही. ऱ्हस्व-दीर्घाची खात्री करायची तर एकेका अक्षरावर जाऊन मात्रा ऐकावी लागते, आणि जोडाक्षर आले की त्याचे तुकडे ऐकून मनात पुन्हा जोडावे लागतात. गप्पांच्या मेसेजमध्ये मी तो खटाटोप करत नाही. बँकेच्या वरिष्ठांना किंवा एखाद्या घरी सांत्वनपर दोन ओळी पाठवायच्या असतील तेव्हा मात्र करते, कारण दृष्टी नाही म्हणून शुद्धलेखनात सूट घ्यावी हे मला पटत नाही.

स्क्रीनकडे न बघता फोन वापरण्याच्या या साऱ्या इतिहासात एक नाव पुण्याशी जोडलेले आहे, आणि ते आपल्याकडे जितके माहीत असायला हवे तितके माहीत नाही. टी. व्ही. रामन यांचा जन्म १९६५ साली पुण्यात झाला. वयाच्या चौदाव्या वर्षी काचबिंदूनेच त्यांची दृष्टी गेली. पुणे विद्यापीठातून गणित आणि मुंबईच्या आयआयटीतून संगणकशास्त्र शिकून ते अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले, आणि गणिती सूत्रांनी भरलेला मजकूर केवळ ऐकून समजेल अशा तऱ्हेने आवाजात कसा मांडावा या विषयावर त्यांनी १९९४ मध्ये डॉक्टरेट मिळवली. २००५ मध्ये ते गूगलमध्ये दाखल झाले. तिथे चार्ल्स चेन यांच्यासह त्यांनी अँड्रॉइडसाठी ‘आइज-फ्री’ नावाचा प्रकल्प हाती घेतला, आणि टॉकबॅक त्यातूनच २००९ मध्ये लोकांपर्यंत आला.

तो काळ आमच्यासाठी धास्तीचा होता. त्याआधी अनेक दृष्टिहीन माणसे नोकियाचे बटणांचे फोन ‘टॉक्स’ नावाच्या स्क्रीन रीडरसह वापरत असत. पाचच्या बटणावर एक बारीक उंचवटा असे. अंगठा त्यावर ठेवला की बाकीचे सगळे आकडे कुठे आहेत ते आपोआप कळे. मग सपाट काचेचे फोन आले आणि तो उंचवटाच नाहीसा झाला. काचेवर चार कुठे आणि सात कुठे हे बोटाला सांगणारे काहीच उरले नाही.

रामन आणि चेन यांनी त्यावर जो उपाय काढला तो मला आजही थक्क करतो. त्यांनी फोन लावण्यासाठी जे ॲप बनवले त्यात आकड्यांना ठरावीक जागाच ठेवली नाही. बोट काचेवर जिथे टेकेल तिथे पाच. तिथून बोट डावीकडे वर सरकवले की एक, सरळ वर नेले की दोन, उजवीकडे खाली नेले की नऊ. आकडा चुकला तर फोन हलवायचा, म्हणजे तो पुसला जाई. काचेवर पाच कुठे आहे हे बोटाने शोधायचे नाही. बोट असेल तिथे पाच हजर होणार. स्क्रीनवर काय आहे त्याचे वर्णन ऐकवणे वेगळे आणि कानाला व बोटाला काय हवे ते ओळखून मुळापासून मांडणी करणे वेगळे, हा फरक मला या एका ॲपमुळे समजला. आजच्या मेसेज-ॲपकडेही मी त्याच कसोटीने बघते.

त्या कसोटीवर आजची बरीचशी ॲप पहिल्या प्रकारात मोडतात. ती डोळ्यांसाठी बनतात आणि स्क्रीन रीडर नंतर त्यांचे वर्णन करतो. ज्याने बनवले त्याने प्रत्येक बटणाला नाव दिले असेल तर वर्णन नीट होते. मी वापरत असलेल्या एका ॲपच्या नव्या आवृत्तीत पाठवण्याच्या बटणाचे नावच राहून गेले होते, आणि त्यावर बोट आले की नुसते ‘बटण’ एवढेच ऐकू येई. त्याला लागूनच जोडपत्राचे बटण होते आणि तेही ‘बटण’च. नाव देण्याचे काम संगणकाच्या कोडमध्ये एका ओळीचे आहे. ते न झाल्यामुळे एका माणसाला मेसेज पाठवताच येत नाही इतका त्याचा परिणाम मोठा आहे.

उरलेला भाग लिहिणाऱ्यांच्या हातात आहे. रोमन लिपीत लिहिलेली मराठी मला सर्वांत जास्त दमवते. ‘उद्या येतेस का’ हे कुणी इंग्रजी अक्षरांत लिहिले की फोनचा आवाज ते इंग्रजी शब्द समजून वाचतो, आणि अर्थ लागावा म्हणून मला एकेक अक्षर ऐकत जावे लागते. शब्द संपून चित्रांची रांग लागली की हात जोडल्याचे आणि फुलांचे वर्णन एकामागून एक ऐकत बसावे लागते. शुभेच्छेचा मजकूर चित्रातच लिहिलेला असला तर बहुधा ‘फोटो’ एवढाच शब्द कानावर पडतो. माझ्या बहिणीने गटातल्या सगळ्यांना चित्राखाली एक ओळ लिहायला लावले आहे, आणि आता घरातल्या बारशाचा निरोपही मला इतरांबरोबरच कळतो.

मग सरळ आवाजच रेकॉर्ड करून का पाठवत नाही, असे मला अनेक जण विचारतात. काही वेळा पाठवते. पण रेकॉर्ड केलेला निरोप घेणाऱ्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावा लागतो, बैठकीत बसल्या बसल्या त्यावर नजर टाकता येत नाही, आणि महिन्याभराने त्यातली तारीख शोधायची झाली तर कोणत्या निरोपात होती ते कळत नाही. अक्षरांतला मेसेज शोधता येतो, पुढे पाठवता येतो, पुरावा म्हणून राहतो. लिहिता येणे आणि बोलता येणे यांची योग्यता वेगळी आहे, आणि मला दोन्ही हवी आहेत.

मराठीत बोलून लिहिण्याची सोय गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये दिली. त्या वेळी जगातल्या ३० भाषा जोडल्या गेल्या आणि मराठीसह आठ भारतीय भाषा त्यांत होत्या. पुढच्याच वर्षी गूगल असिस्टंटही मराठीत आला. त्याआधी बोलून लिहायचे तर मी इंग्रजीत लिहीत असे, आणि ज्या माणसांशी जन्मभर मराठीत बोलले त्यांना इंग्रजीत निरोप धाडताना फार परके वाटे. आता तो परकेपणा गेला, पण सगळ्यांचा गेलेला नाही. माझे मामा वऱ्हाडी बोलतात. ‘काऊन नाही आली तू’ असे ते सहज विचारतात, आणि फोन त्याचे काहीतरी भलतेच करून ठेवतो. त्यांची दृष्टीही आता अधू झाली आहे आणि या सोयीची त्यांना माझ्याइतकीच गरज आहे. वयाच्या सत्तरीनंतर त्यांनी फोनसाठी पुस्तकी मराठी शिकावी ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

आवाजावर चालणाऱ्या फोनला खाजगीपण राखणे कठीण असते. रस्त्यावरून जाताना मी एकाच कानात इअरफोन घालते, कारण दुसरा कान रहदारीसाठी मोकळा हवा. बसमध्ये आलेला मेसेज ऐकता येतो, पण उत्तर बोलून द्यायचे म्हणजे शेजारच्या आसनालाही ते ऐकवायचे. म्हणून आजारपण, पैसे आणि भांडणे यांबद्दलची उत्तरे मी घरी पोचल्यावर देते. बँकेचा ओटीपी येतो तेव्हा इअरफोन नसेल तर फोन तो मोठ्याने म्हणून मोकळा होतो. लॉक स्क्रीनवर मजकूर न दाखवण्याचे सेटिंग केले की मेसेज आल्याचे कळते, आतले आकडे कळत नाहीत. माझ्यासारख्या प्रत्येकाने ते पहिल्याच दिवशी करून घ्यावे.

गाडी चालवणाऱ्यांसाठी हीच सोय सुरक्षित म्हणून सांगितली जाते, तिथे मात्र मी सावध राहायला सांगेन. यूटा विद्यापीठातील डेव्हिड स्ट्रेअर यांनी २०१५ मध्ये केलेल्या अभ्यासात असे आढळले की काही आवाजी यंत्रणांशी बोलणे संपल्यावरही चालकाचे चित्त पूर्णपणे रस्त्यावर यायला २७ सेकंदांपर्यंत वेळ लागतो. ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने तेवढ्या वेळात गाडी ३०० मीटर पुढे जाते. मी मेसेज सांगते तेव्हा एका जागी उभी असते किंवा बसलेली असते आणि माझे सगळे लक्ष त्या मजकुरात असते. ते लक्ष द्यावेच लागते, एवढे मी अनुभवाने सांगू शकते.

मला आता हवी आहे ती दुरुस्तीची सोय, मराठीत आणि बोलून. इंग्रजीत बोलणाऱ्यांना काही फोनवर चुकलेला शब्द आवाजाने बदलता येतो. मी मात्र ‘पाच वाजता’चे ‘सहा वाजता’ करण्यासाठी आधी कर्सर एकेका शब्दाने मागे नेते, ‘पाच’ ऐकू आले की तिथे थांबते, अक्षरे पुसते, प्रत्येक पुसलेले अक्षर ऐकते, माइक पुन्हा सुरू करते, ‘सहा’ म्हणते आणि सगळे वाक्य परत ऐकते. पुष्कळदा यापेक्षा सगळे पुसून नव्याने बोलणे सोपे पडते, आणि लांब मेसेज असला की तेही जिवावर येते. फोनने मजकूर वाचून दाखवावा, मग थांबावे. मी ‘पाचच्या जागी सहा’ म्हटले की तेवढाच शब्द बदलून ते वाक्य पुन्हा ऐकवावे. आणि ‘पाठव’ म्हटल्याशिवाय काहीही पाठवू नये.