तुम्ही विचारलंत म्हणून: गाठीतल्या पेशी आणि बाईची पाळी

"कॅन्सरच्या गाठीतून वाढवलेल्या पेशींवरून बाईच्या पाळीबद्दल काय कळणार?" नणंदेनं विचारलं, विद्यार्थी विचारतात, पाळी अनियमित करणाऱ्या पीसीओएसचा त्रास असलेल्या मैत्रिणीनं तर रागानंच विचारलं. एकदा नीट सांगते.

पाळीचं चक्र चालवणारं इस्ट्रोजेन बनवतात त्या अंडाशयात अंड्याभोवती असलेल्या ग्रॅन्युलोसा पेशी. प्रयोगशाळेत आम्हाला त्या ताज्या मिळतात आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबी उपचाराच्या) वेळी अंड्यासोबत काढलेल्या द्रवातून. तोवर त्या प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन बनवण्याकडे वळलेल्या असतात, फार दिवस टिकत नाहीत, आणि प्रत्येकीच्या वेगळ्या वागतात. म्हणून केजीएन ही सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढत राहणाऱ्या पेशी. जपानमधल्या एका रुग्णाच्या ग्रॅन्युलोसा पेशींच्या गाठीतून आलेली ही सेल लाइन 2001 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात एफएसएच या अंडाशयाला चालना देणाऱ्या हार्मोनचा रिसेप्टर आहे, अँड्रोजेनपासून (पुरुषी म्हणवल्या जाणाऱ्या हार्मोनपासून) इस्ट्रोजेन बनवणारं अरोमॅटेज हे एन्झाइम आहे. अँड्रोस्टेनिडिओन हे अँड्रोजेन घातलं की मीडियामध्ये (पेशी वाढतात त्या द्रवात) इस्ट्रॅडिओल हे इस्ट्रोजेन मोजता येतं. ते बाहेरून घालावंच लागतं, कारण अंडाशयात अँड्रोजेन शेजारच्या थीका पेशी पुरवतात. एकीचं काम दुसरीपासून सुटं करून बघायचं, तर दुसरा मार्ग मला दिसत नाही.

पण तुमचा प्रश्न मला लागतो तो सीओव्ही434 मुळे. नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये तयार झालेली ही सेल लाइन मी चार वर्षं ग्रॅन्युलोसा म्हणून वाढवली. प्रौढ प्रकारच्या जवळजवळ सगळ्या ग्रॅन्युलोसा गाठींत सापडणारा फॉक्सएल2 जनुकातला बदल तिच्यात नव्हता, हे मला ठाऊक होतं. 'ज्युवेनाइल (कोवळ्या वयात दिसणारा) प्रकार असेल' हे स्पष्टीकरण तयार होतं आणि मला सोयीचं होतं. 2021 साली पेपर छापून आला: ही ग्रॅन्युलोसाची गाठच नव्हे. हा अंडाशयाचा स्मॉल सेल कार्सिनोमा, रक्तातलं कॅल्शियम वाढवणारा दुर्मीळ प्रकार.

आम्ही एसटीआर ही डीएनएवरून ओळख पटवणारी तपासणी केली होती. जुळलीही होती. ती सांगते की सेल लाइन तीच आहे. मूळ गाठीचं निदान बरोबर होतं का, ते सांगत नाही. त्या संध्याकाळी मी रोजच्यासारखा सगळ्या फ्लास्कचा मीडिया बदलला. टाकून देववेना. माझ्या विद्यार्थिनीचा प्रबंध अर्धा लिहून झाला होता. तिला सांगायला मला तीन दिवस लागले. ती एवढंच म्हणाली, "मॅडम, मग मी मोजत होते ते कशाचं?"

तुम्ही म्हणाल, केजीएनचं तरी काय? फॉक्सएल2 मधला तो बदल तिच्यात आहे, आणि अरोमॅटेजवर याच जनुकाचा ताबा असतो. मान्य. म्हणून आता महत्त्वाचा प्रत्येक निष्कर्ष ताज्या पेशींवर पुन्हा बघते. गेल्या महिन्यात दोन्हींचे आकडे उलट आले. खरे कोणाचे, मला अजून ठरवता आलेलं नाही.