तुम्ही विचारलंत म्हणून: ‘एबी’ म्हणजे गैरहजर नव्हे

फ्रान्समध्ये शिकून आलेली मुलं, आणि त्यांच्याहून जास्त त्यांचे आईवडील, मला हमखास विचारतात: “गुणपत्रिकेत आकडेच तर असतात, त्यात भाषांतर कसलं? चार-दोन लघुरूपं आहेत, ती राहू द्या तशीच.”

अहो, निकाल त्या लघुरूपांतच असतो.

‘एबी’ घ्या. आपल्याकडे गुणपत्रिकेवर ही अक्षरं दिसली, की मूल परीक्षेला बसलंच नाही. फ्रेंच विद्यापीठात ती ‘आसे बियाँ’ची, म्हणजे ‘बऱ्यापैकी चांगलं’ या श्रेणीची. उत्तीर्ण व्हायला 20 पैकी 10 लागतात, आणि 12 पासून ही श्रेणी मिळते. 14 ला ‘बियाँ’, 16 ला ‘त्रे बियाँ’. गैरहजेरीची अक्षरं निराळी: कारण दिलं असेल तर ‘एबीजे’, नसेल तर ‘एबीआय’. म्हणजे ‘एबी’ तशीच ठेवली, तर चांगल्या श्रेणीत पास झालेली मुलगी इथल्या टेबलावर गैरहजर ठरते.

‘एजे’चा घोळ वेगळाच. तो ‘आजुर्ने’. शब्दकोशात पाहाल तर ‘तहकूब’. वाचणाऱ्याला वाटतं, परीक्षाच पुढे ढकलली. प्रत्यक्षात विद्यार्थी त्या फेरीत उत्तीर्ण झालेला नसतो. ‘एजेएसी’ म्हणजे उत्तीर्ण नाही, तरी पुढच्या वर्षाला बसायची परवानगी आहे. आपल्या एटीकेटीची आठवण होतेच, पण भाषांतरात मी एटीकेटी लिहीत नाही. दोन्हीकडचे नियम वेगळे आहेत.

आणि ‘डीईएफ’. पत्रिकेवर 13, 15, 12 असे छान गुण, एका विषयापुढे ‘एबीआय’, आणि तळाशी सरासरीच्या जागी ‘डीईएफ’. पालक म्हणतात, बेरीज करायची राहिली असेल. राहिलेली नसते. विनाकारण चुकवलेल्या त्या एका पेपरामुळे सरासरी काढलेलीच नसते. उलटही घडतं: एका विषयात 8, तरी सत्र उत्तीर्ण, कारण बाकीच्या गुणांनी ती तूट भरून निघाली. ‘कोंपांसास्यों’चा हा नियम न सांगता नुसता 8 पुढे ठेवला, तर मुलावर अन्याय होतो. मला हे फार लागतं.

म्हणून मी मूळ अक्षरं ठेवते आणि शेजारी कंसात पूर्ण रूप देते. तेही अंदाजाने नाही. पत्रिकेच्या मागे किंवा तळाशी खुलासा असतो; नसेल तर त्या विद्यापीठाची परीक्षा-नियमावली काढते, कारण लघुरूपं सगळीकडे सारखी नसतात. तेव्हा स्कॅन दोन्ही बाजूंचं पाठवा. पुष्कळ जण मागची बाजू कोरी समजून सोडून देतात.

“14 चे 70 टक्के करून द्या,” असंही म्हणतात. ते मी करत नाही. समकक्षता ठरवायचं काम विद्यापीठ अनुदान आयोगाचं (2025 च्या नियमांआधी ते दिल्लीच्या भारतीय विद्यापीठ महासंघाकडे होतं), नाहीतर ज्या विद्यापीठात प्रवेश घ्यायचाय त्याचं.