गुड फ्रायडेची न वाजलेली घंटा

गेली दोन वर्षे मी एक रहस्यकादंबरी लिहीत आहे. मुंबईतल्या एका चर्चच्या सॅक्रिस्टीत, म्हणजे वेदीमागच्या ज्या खोलीत फादरांची वस्त्रे, मेणबत्त्या आणि मिस्साची (कॅथलिक उपासनाविधीची) भांडी ठेवतात तिथे, चर्चचे हिशेब पाहणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांचा खून होतो आणि त्या खुनाचा छडा वेदीवर फुले लावणारी सत्तरीची एक बाई लावते. चर्च काल्पनिक आहे, कारण कुठल्याही खऱ्या पॅरिशच्या दारात मला हे प्रेत नेऊन टाकायचे नव्हते. बाई मात्र पूर्णपणे काल्पनिक नाही. गिरगावात आमच्या चाळीपासून दोन मिनिटांवर, खोताच्या वाडीत, माझ्या आईची एक ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिक समाजातली, मैत्रीण राहत असे. मी तिला मावशीच म्हणते, आणि कादंबरीतल्या बाईचे हात, डोळे आणि बोलणे हे सगळे तिचे आहे.

इंग्रजीत ज्याला कोझी म्हणतात त्या प्रकारात ही कादंबरी बसते. त्यात रक्तपात पडद्याआड घडतो, गाव किंवा वस्ती लहान असते, सगळे एकमेकांना ओळखतात आणि शोध घेणारा माणूस पोलीस नसतो. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड या नायकांच्या कथांवर पिढ्यांनी रात्री जागवल्या, आणि मीही त्यांतलीच एक आहे. तिथला नायक धाडसी, वेषांतरात निष्णात आणि पिस्तूल बाळगणारा असतो. मला मात्र असे कुणी हवे होते, ज्याच्याकडे त्या जागेची रोजची सवय सोडून दुसरे कुठलेही हत्यार नाही. हेरकथेत लेखकाने वाचकाशी प्रामाणिक कसे राहावे याचे दहा नियम १९२९ साली रोनाल्ड नॉक्स यांनी लिहिले, आणि ते स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. हेराला सापडलेला प्रत्येक धागा वाचकालाही त्याच वेळी दिसला पाहिजे, हा त्यांतला एक नियम मी टेबलासमोर लिहून लावला आहे. तो पाळणे किती कठीण आहे हे मला या घंटेच्या प्रकरणात कळले.

चर्चमधला खून या प्रकारच्या कथेला इतका का मानवतो, याचे माझे उत्तर साधे आहे. चर्चमध्ये प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक कामाला वेळ ठरलेली असते. किल्ल्या कुणाकडे असतात, दानपेटी कोण उघडते, कॉयरचा, म्हणजे गायकवृंदाचा, सराव किती वाजता संपतो, हे तिथे राबणाऱ्या पाच-सात माणसांना तोंडपाठ असते. वर्षाचेही तसेच. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात काही मोजके सण आणि चौथा रविवार सोडला, तर वेदीवर फुले लावत नाहीत. पवित्र गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सामध्ये ग्लोरिया हे स्तुतिगीत गाताना घंटा वाजतात आणि त्यानंतर शनिवारी रात्रीच्या ईस्टर जागरणात पुन्हा ग्लोरिया येईपर्यंत त्या मुक्या राहतात. घंटेची गरज पडेल तिथे लाकडी फळ्यांचा करकरता आवाज काढतात. गुरुवारच्या मिस्सानंतर वेदीवरची वस्त्रे आणि मेणबत्त्याही काढून ठेवतात आणि उघड्या वेदीकडे पाठ करून लोक बाजूच्या वेदीसमोर मध्यरात्रीपर्यंत प्रार्थना करत बसतात. बाहेरच्या माणसाला यातले काहीच दिसणार नाही. फुले लावणाऱ्या बाईला यातली एक गोष्ट चुकली तरी खटकेल.

म्हणून मी खून पवित्र गुरुवार आणि गुड फ्रायडे यांच्या मधल्या रात्री ठेवला.

पहिल्या खर्ड्यात माझी उकल अशी होती. चर्चच्या फाटकाजवळ राहणारा वॉचमन पोलिसांना जबाब देतो की शुक्रवारी पहाटे सहाची घंटा ऐकून तो उठला. फुलेवाल्या बाईला ठाऊक असते की त्या दिवशी सहाची आंजेलसची, म्हणजे रोजच्या ठरलेल्या प्रार्थनेची, घंटा वाजतच नाही. म्हणजे वॉचमन खोटे बोलतो, म्हणजे तो त्या रात्री तिथे नव्हता, म्हणजे तोच. मला या धाग्याचा फार अभिमान वाटला होता. घंटा मुक्या असतात हे मी आधीच्या प्रकरणात गुरुवारच्या मिस्साच्या वर्णनात लिहिले होते, तेव्हा नॉक्स यांचा नियमही पाळला गेला होता. मी ते प्रकरण मावशीला वाचून दाखवायला गेले. ती आता ८४ वर्षांची आहे आणि वाडीतले घर सोडून मुलाकडे राहते. वाडीत एकेकाळी अशी ६५ घरे होती असे सांगतात, आणि आज त्यांतली निम्मीही उरलेली नाहीत. तिने डोळे मिटून सगळे ऐकले आणि मग म्हणाली, “बाय, चाळीस वर्षं रोज सहाला घंटा ऐकणाऱ्या माणसाला ती न वाजताही ऐकू येते. त्या बिचाऱ्याला खुनी करू नको.”

मी म्हटले, “मग त्याने ऐकले काय?”

“ते त्याला विचार. आणि किती टोले ऐकले तेही विचार. सहाची घंटा तीन-तीनदा वाजते.”

आंजेलसची घंटा आधी तीन टोले, मग थांबून तीन, मग पुन्हा तीन अशी वाजते आणि शेवटी सलग वाजत राहते, हे मी लहानपणापासून रोज ऐकले होते आणि लिहिताना नेमके विसरले होते. एका गरीब माणसाच्या सवयीला मी खोटेपणा ठरवले, याची मला खरोखर लाज वाटली. मुंबईत खऱ्या आयुष्यातही संशयाची पहिली सुई वॉचमनकडेच वळते आणि मी तेच अन्यायाचे वळण कथेत गिरवत होते.

त्या संध्याकाळी घरी येताना मला मावशीच्या ओटीवरची एक दुपार आठवली. मी नऊ-दहा वर्षांची असेन. चर्चमधून आणलेले, मेणबत्ती उभी करायचे सहा पितळी शमादान तिने जुन्या साडीवर मांडले होते. आधी गरम पाण्यात बुडवलेल्या फडक्याने खाचांतले मेण मऊ करायचे, मग ते लाकडी काडीने उकरायचे, कारण सुरीने पितळेवर ओरखडा उठतो. नंतर भिजवलेली चिंच चोळायची, ती काळी पडली की धुवायची आणि लगेच कोरडे पुसायचे. घासून झालेल्या शमादानाला मी उघड्या बोटांनी हात लावला तेव्हा तिने हातावर चापट मारली होती, कारण चिंचेने उजळलेल्या पितळेवर बोट लागले की पुढे त्या जागी काळपट ठसा उमटतो. त्या दुपारी एक शमादान माझ्या हातातून निसटून शहाबादी फरशीवर पडले. त्याचा जो नाद झाला तो ऐकून समोरच्या घरातल्या आजोबांनी खिडकीतून विचारले होते, “आज घंटा अवेळी कशी?”

ती दुपार आठवली आणि कादंबरी उलटी फिरली. वॉचमन खरेच बोलतो आहे. त्याने धातूचा एकच मोठा नाद ऐकला आणि झोपेत त्याला वाटले की सहाची घंटा सुरू झाली. गुरुवारी वेदीवरून उतरवलेली शमादाने सॅक्रिस्टीच्या टेबलावर होती आणि झटापटीत त्यांतले एक खाली पडले. खून मध्यरात्री प्रार्थना संपून दारे बंद होताना झाला असे पोलीस धरून चालले होते. तो प्रत्यक्षात पहाटे सहाच्या सुमारास झाला, आणि मग मध्यरात्री कोण कुठे होते याचे सगळ्यांनी दिलेले पुरावे निरुपयोगी होतात. शवविच्छेदनातून ही वेळ नेमकी कळत नाही, कारण मुंबईच्या एप्रिलमध्ये हवा अंगाच्या उष्णतेच्या इतकी जवळ असते की देह फार हळू थंड होतो. मी हे इथे निःशंकपणे लिहिते आहे, कारण यातून वेळ कळते, खुनी कळत नाही.

दुसरी अडचण अशी होती की या बाईला प्रेताजवळ कोण जाऊ देईल? परदेशी कथांत हौशी हेर नुसता आत शिरतो आणि अधिकारी त्याला चहा देतो. मुंबईत हे कुणाला पटणार नाही. मात्र उत्तर आपल्या कायद्यातच आहे. अनैसर्गिक मृत्यूचा पंचनामा परिसरातल्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांच्या समक्ष करावा, असे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ मध्ये होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ मध्येही आहे. माझी फुलेवाली बाई पंच म्हणून सॅक्रिस्टीत उभी राहते. तिथे तिला दिसते की तिने ओळीने लावलेल्या सहा शमादानांचा क्रम बदलला आहे, एकाचा काठ चेपला आहे आणि फरशीचा कोपरा ताजा उडाला आहे. पुढे तिचा जबाब घ्यायला इन्स्पेक्टरच तिच्या घरी येतो, कारण साक्षीदार स्त्रीला तिच्या राहत्या जागेबाहेर हजर राहण्याची सक्ती पोलिसांना करता येत नाही. ते तिच्या स्वयंपाकघरातले प्रकरण मला सगळ्यांत जास्त आवडते, कारण तिथे शेजारीण आणि अधिकारी एकमेकांचा मान राखून बोलतात.

पापनिवेदनाचा, म्हणजे धर्मगुरूपाशी आपल्या पापांची कबुली देण्याचा, धागा मी जाणूनबुजून टाळला. धर्मगुरूने कबुलीतले गुपित कोणत्याही कारणाने फोडू नये असा चर्चचा कायदा आहे, तर आपल्या साक्ष्य अधिनियमात वकिलाला जसे संरक्षण आहे तसे धर्मगुरूला नाही. हा पेच इतका मोठा आहे की तो आला असता तर कादंबरी फादरांची झाली असती.

ज्यामुळे ही बाई झोप टाकून विचार करते ते कारण मात्र चर्चच्याच एका नियमात आहे. पवित्र जागी श्रद्धावंतांना धक्का देणारे गंभीर दुष्कृत्य घडले आणि बिशपांच्या मते त्यामुळे त्या जागेचे पावित्र्य भंगले, तर प्रायश्चित्ताचा विधी होईपर्यंत तिथे उपासना करता येत नाही. खून शुक्रवारी उघड झाला आणि ईस्टरचे जागरण शनिवारी रात्री आहे. चाळीस वर्षे जिने त्या रात्री वेदीवर पांढरी फुले लावली, तिच्या वस्तीला यंदा आपल्या चर्चमध्ये ईस्टर मिळेल की नाही, एवढाच तिचा प्रश्न आहे.

शेवटचे प्रकरण मी मागच्या आठवड्यात मावशीला वाचून दाखवले. त्यात शनिवारी रात्री ग्लोरिया सुरू होतो, दोन दिवस मुक्या राहिलेल्या घंटा एकदम वाजू लागतात आणि फाटकाजवळ स्टुलावर बसलेला वॉचमन बोटांवर टोले मोजायचा प्रयत्न करतो. मावशीने मला थांबवले आणि सांगितले की त्या वेळचे टोले मोजता येत नाहीत, तेव्हा त्या इतक्या भरभरून वाजवतात की मोजदाद सुटते. मी ते वाक्य खोडले. आता तो नुसता उठून उभा राहतो.