फॉर्म ८८८६-टी: ‘नाही’वर खूण करण्याआधी

अमेरिकेतल्या ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्थांचा (त्यात आपली महाराष्ट्र मंडळंही आली) फॉर्म ९९०, म्हणजे आयआरएसला (अमेरिकेच्या कर खात्याला) दरवर्षी द्यायचं माहितीपत्रक, भरताना भाग ५ मधल्या ५ए, ५बी, ५सी या ओळी बहुतेक खजिनदार गेल्या वर्षीच्या फॉर्मवरून उतरवून काढतात: नाही, नाही, रिकामं. बहुतेकदा ते बरोबरही असतं. पण चुकलं तर इतकं महाग पडतं की मी या तीन ओळी नेहमी शेवटी, कागद समोर ठेवूनच भरतो.

प्रश्न साधा आहे. दुसऱ्या कोणाचा कर वाचावा म्हणून संस्थेच्या करमुक्त दर्जाचा वापर झाला का? झाला असेल तर तो व्यवहार फॉर्म ८८८६-टी वर आयआरएसला कळवावा लागतो. मे २००६ च्या कायद्याने अशा व्यवहारांवर कर लावणारं कलम ४९६५ आलं, सविस्तर नियम जुलै २०१० मध्ये. त्यात दोन प्रकारचे व्यवहार येतात. आयआरएसने नाव घेऊन यादीत टाकलेले, आणि ‘कोणाला सांगू नका’ अशा अटीवर किंवा ‘कर वाचला नाही तर फी परत’ अशा हमीवर विकलेले. गुप्ततेच्या अटीला सल्लागाराच्या फीची किमान मर्यादा आहे: कंपन्यांसाठी २,५०,००० डॉलर, इतरांसाठी ५०,०००.

यादीतला एक नमुना जवळून पाहा, नोटीस २००४-३० मधला. एका एस कॉर्पोरेशनचा (जिच्या नफ्यावरचा कर कंपनी नाही, भागधारक भरतात अशा कंपनीचा) मालक मतदानाचा हक्क नसलेले शेअर काढतो आणि संस्थेला ‘देणगी’ देतो. कागदावर कंपनीचा ९० टक्के नफा आता संस्थेचा. स्वतःकडे तो वॉरंट (पुढे नवे शेअर घेण्याचा हक्क) ठेवतो, म्हणजे मनात येईल तेव्हा संस्थेचा वाटा पातळ करता येतो. काही वर्षांनी तेच शेअर थोडक्या किमतीत परत घेतो. संस्थेच्या बाजूने ओळखायची खूण एकच: के-१ वर (कंपनी भागधारकाला त्याचा नफ्यातला वाटा कळवते त्या कागदावर) उत्पन्न भलंमोठं आणि बँकेत एक डॉलर नाही. असा के-१ आला की देणगीची पावती फाडण्याआधी मूळ करार मागवावा. (एस कॉर्पोरेशनच्या उत्पन्नावर ५०१(सी)(३) संस्थेला असंबंधित व्यवसायाचा कर लागतो, ही डोकेदुखी वेगळीच.)

संस्था स्वतः व्यवहारात असेल तर ५ए ‘होय’. कर भरणाऱ्या दुसऱ्या पक्षाने ‘आपण अशा व्यवहारात आहोत’ असं कळवलं असेल तर ५बी ‘होय’. तसं कळवणं त्या पक्षावर बंधनकारक आहे. पण हे पत्र साध्या टपालाने येतं, जुन्या अध्यक्षाच्या घरी जातं आणि तिथेच राहतं. म्हणून जुन्या पदाधिकाऱ्यांना दरवर्षी विचारावं. ५ए किंवा ५बी ‘होय’ असेल, तर ८८८६-टी पाठवला का, हे ५सी विचारते. ९९०-ईझेडमध्ये (९९० च्या छोट्या आवृत्तीत) हाच प्रश्न ४०ई ओळीत आहे. अगदी छोट्या संस्थांच्या ९९०-एन या ऑनलाइन पोस्टकार्डावर तो नाहीच, पण छोट्या संस्थेची जबाबदारी त्यामुळे टळत नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो तारखेचा. ८८८६-टी हा ९९० ला जोडायचा कागद नाही. तो वेगळा, प्रत्येक व्यवहारासाठी स्वतंत्र, युटातल्या ऑग्डेनच्या केंद्रात जातो. मुदत पुढच्या कॅलेंडर वर्षाची १५ मे. संस्थेचं आर्थिक वर्ष कुठलंही असो. समजा वर्ष जुलै ते जून आहे आणि व्यवहार ऑक्टोबर २०२५ मध्ये झाला. ९९० नोव्हेंबर २०२६ मध्ये, पण ८८८६-टी १५ मे २०२६ ला, म्हणजे हिशेबाची वही बंद होण्याआधीच! फॉर्म ८८६८ ने ९९० ची मुदत वाढते, याची नाही. व्यवहार नंतर यादीत आला तर ज्या वर्षी आला त्याच्या पुढच्या वर्षीची १५ मे धरायची.

फॉर्ममध्ये इतर पक्षांची ओळखही द्यावी लागते, आणि गाडी अडते ती इथे. काम झाल्यावर मध्यस्थ फोन उचलत नाही. नावं, पत्ते आणि ओळख क्रमांक सहीच्या दिवशीच घेऊन ठेवा. उशिराचा दंड कायद्यात रोज १०० डॉलर, कमाल ५०,०००. महागाईनुसार दोन्ही आकडे आता वर गेले आहेत. पाठवल्याची पोचपावती जपून ठेवावी.

दंडापेक्षा कलम ४९६५ चा कर जड. तो फॉर्म ४७२० वर भरतात आणि तो निव्वळ नफ्यावर किंवा मिळालेल्या एकूण रकमेच्या ७५ टक्क्यांवर, जे जास्त त्यावर मोजतात. संस्थेला ४०,००० डॉलर मिळाले आणि ३५,००० खर्च झाले, तरी हिशेब ५,००० चा नाही, ३०,००० चा. संस्थेला कल्पना नव्हती तर २१ टक्के, म्हणजे ६,३००. माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं, तर पूर्ण ३०,०००. शिवाय जाणूनबुजून मंजुरी देणाऱ्या पदाधिकाऱ्याला दर मंजुरीला २०,००० डॉलर, तेही वैयक्तिक.

‘माहीत असायला हवं होतं’ हे ठरवताना नियम तीन खुणा बघतात: संस्थेच्या आजवरच्या गुंतवणुकीशी न जुळणारा व्यवहार, गुंतवणूक व जोखमीच्या मानाने अवाजवी परतावा, किंवा संस्थेच्या आवाक्याच्या मानाने मोठी रक्कम. वकिलाचं लेखी मत उपयोगी पडतं, पण त्या वकिलाला सगळे कागद दाखवलेले असतील तरच. ज्याने योजना विकली त्याच्याच वकिलाचं मत मी फाइलला लावत नाही. कार्यकारिणीच्या इतिवृत्तात मात्र कोणी काय विचारलं आणि कोणते कागद पाहिले ते त्याच बैठकीत लिहून घ्यावं. नंतर आठवून लिहिलेलं इतिवृत्त तारखांवरून लगेच ओळखू येतं.